मन्या, मान आणि सुई

ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंडच्या शिवारातून जाताना एक दृश्य नेहमी दिसते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी, आणि ती सावरत अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढणारी माणसे. सगळा भार मानेवर. संध्याकाळी मान अवघडली की हात आपोआप एका जागी जातो : कवटीच्या खालच्या काठाशी, मानेच्या दोन स्नायूंमधल्या खळगीत. चिनी वैद्यकात दोन्ही बाजूंच्या या खळग्यांना 'फेंगची' असे नाव आहे. त्याचा अर्थ वाऱ्याचे तळे. पित्ताशयाच्या वाहिनीवरचा हा विसावा बिंदू.

या बिंदूविषयी बोलणे निघाले की 'हे सगळे मूळचे आपल्या सुश्रुताचेच' असे कोणीतरी म्हणतेच. हे विधान ऐकायला सुखावह आहे, म्हणूनच ते तपासून पाहायला हवे.

साम्य आहे, यात शंका नाही. बाहेरचा वारा मानेच्या मागून शरीरात शिरतो, अशी चिनी वैद्यांची धारणा होती. इसवी सन 200 च्या सुमारास च्यांग चोंगचिंग यांनी थंडीतापावरील ग्रंथात औषधाने उतार न पडल्यास फेंगची येथे सुई टोचण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही मान आखडण्याच्या व्याधीला 'मन्यास्तंभ' म्हटले असून तो वातव्याधींत गणला आहे. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, मान वर करून पाहणे ही त्याची कारणे दिली आहेत. थंडीत कान-मान मफलरने गुंडाळून शेतावर जाणाऱ्या आपल्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही.

परंतु साम्य इथेच संपते. सुश्रुताच्या शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी डोके आणि मान जिथे जुळतात, तिथल्या दोन मर्मांना 'कृकाटिका' म्हटले आहे. तिथे घाव बसला तर मस्तक सतत हलत राहते, म्हणून ती 'वैकल्यकर' या वर्गात येतात. कानामागे खाली 'विधुर'. तिथल्या आघाताने बहिरेपण येते. सुश्रुत हा शल्यविद्येचा आचार्य. मर्म म्हणजे त्याच्या लेखी शस्त्र लागू नये अशी जागा. चिनी वैद्य मात्र त्याच परिसरात हेतुपूर्वक सुई टोचतो. एकाच भूभागाचे हे दोन नकाशे आहेत. एकात धोक्याच्या खुणा आहेत, तर दुसऱ्यात उपचाराच्या वाटा. एकावरून दुसरा उतरवला, असे म्हणायला आधार नाही.

भाषेची साक्षही येथे मोलाची आहे. मानेतील मर्मांच्या यादीत 'मन्या' हे नाव आहे, आणि मराठीतली 'ती मान' या संस्कृत शब्दावरूनच आली. 'तो मान' म्हणजे सन्मान. त्याचे कूळ वेगळे. 'वर्म' हे तर मर्माचेच रूप समजले जाते. आपण वर्मावर बोट ठेवतो, वर्मी घाव घालतो. भूत बसते तेही मानगुटीवर. या वाक्प्रचारांत बरे करण्याचा भाव कुठेच नाही. मराठीने मर्माची आठवण जपली ती दुखऱ्या जागेची म्हणून. सुश्रुताशी तिचे हे इमान लक्षणीय आहे.

मग सुई आपल्याकडे आली कशी? तिची वाट अगदी अलीकडची आणि माहितीची आहे. मुंबईकडून येणारा जो लोहमार्ग दौंडवरून पुढे जातो, त्यावरच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. 1946 च्या शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर नेले. मात्र कोटणीस शल्यचिकित्सक होते. रणभूमीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया हे त्यांचे काम होते. चू ल्येन यांच्यासारख्या आधुनिक वैद्यक शिकलेल्या चिनी डॉक्टरांनी सुईचा गांभीर्याने स्वीकार केला तो त्यांच्या मृत्यूनंतर. बसू मात्र 1943 मध्ये परतले, 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजवली. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला. तिचा गुण नेमका कशात आणि किती, याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत.

'आपलेच होते' असे म्हणताना आपण बसूंचे श्रम आणि त्यांना शिकवणाऱ्या चिनी वैद्यांचे ऋण पुसून टाकतो. शिवाय सुश्रुताचेही नुकसान होते. त्याची खरी देणगी सावधपणाची होती. आजही फेंगचीवर सुई घालताना ती नाकाच्या शेंड्याच्या रोखाने, मर्यादित खोलीपर्यंतच घालावी असे शिकवतात, कारण आत खोलवर मेंदूचा तळ आणि मोठी रक्तवाहिनी आहे. सुई चीनची खरी. पण ती टोचताना बाळगायची ही धास्ती सुश्रुताला नक्कीच ओळखीची वाटली असती.