नव्या नोंदीची प्रायमरी की मिळवणे

रिलेशनल डेटाबेसच्या टेबलात नवी ओळ घालताना तिची प्रायमरी की बहुतेकदा डेटाबेसच ठरवतो. प्रोग्रामला ती लगेच हवी असते, कारण ऑर्डरखालच्या वस्तूंच्या ओळींना त्याच ऑर्डरचा क्रमांक फॉरेन की म्हणून लावायचा असतो. यासाठी बऱ्याच पद्धती रूढ असल्या तरी ज्या इन्सर्टने की निर्माण केली, तिच्याच उत्तरात ती घेणे हीच भरवशाची पद्धत होय. वेगळ्या क्वेरीने मागाहून विचारले की प्रश्नच बदलतो. कमाल आयडी विचारणाऱ्या क्वेरीला टेबलातला सर्वांत मोठा क्रमांक कळतो; तो आपल्या ओळीचाच असेल याची हमी नसते. दोन्ही क्वेऱ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवल्या तरी रीड कमिटेड पातळीवर मधल्या वेळात कमिट झालेली दुसऱ्याची ओळ दिसतेच. मग एका ग्राहकाच्या वस्तू दुसऱ्याच्या ऑर्डरला चिकटतात आणि क्रमांक अस्तित्वात असल्यामुळे फॉरेन कीची अट तक्रारही करत नाही. एकट्याने केलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही, म्हणून तो विशेष घातक. एसक्यूएल सर्व्हरमधील, शेवटचा आपोआप दिलेला क्रमांक सांगणाऱ्या @@आयडेंटिटीचा धोका वेगळा आहे: टेबलावर ऑडिटसाठी ट्रिगर बसवला आणि त्याने आयडेंटिटी असलेल्या दुसऱ्या टेबलात ओळ घातली, की हाती त्या टेबलाचा क्रमांक येतो. त्यावर २००० च्या आवृत्तीत स्कोप_आयडेंटिटी आले, पण अनेक ओळी एकदम घातल्यास तेही शेवटचाच क्रमांक देते. ही उणीव २००५ च्या आवृत्तीतील आउटपुट या उपवाक्याने भरून निघाली. पोस्टग्रेएसक्यूएलने २००६ मध्ये ८.२ या आवृत्तीत याच धर्तीचे रिटर्निंग हे उपवाक्य दिले; एसक्यूलाइटमध्ये ते २०२१ मध्ये ३.३५ सोबत आले.

यावर आक्षेप येतो तो मायएसक्यूएलचा. आठव्या आवृत्तीतही तिथे इन्सर्टला रिटर्निंग नाही, तरी लास्ट_इन्सर्ट_आयडी वापरून असंख्य प्रणाली बिनघोर चालतात. ते खरे आहे, कारण ही किंमत प्रत्येक कनेक्शनपुरती वेगळी राखली जाते. पण कनेक्शन पूलमध्ये दुसरी क्वेरी वेगळ्या कनेक्शनवर गेली की ही हमी संपते. शिवाय सर्व्हर इन्सर्टला जो होकार पाठवतो त्यातच हा क्रमांक असतो आणि जेडीबीसीचे गेटजनरेटेडकीज तिथूनच तो वाचते. म्हणजे इथेही उत्तर मूळ विधानाबरोबरच आलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यूयूआयडी प्रोग्राममध्येच बनवला तर की परत मागावीच लागत नाही. मोबदल्यात ८ बाइटांच्या बिगइंटऐवजी १६ बाइट खर्चावे लागतात आणि पूर्णतः यादृच्छिक चौथ्या प्रकारामुळे बी-ट्री इंडेक्समध्ये नोंदी विखुरतात. २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधील सातव्या प्रकारात काळाचा क्रम राखला जात असल्याने हे विखुरणे बरेच आटोक्यात येते. वितरित प्रणालींसाठी ही निवड योग्यच आहे. मात्र डीफॉल्ट मूल्ये, निर्मितीची वेळ किंवा ट्रिगरने बदललेले रकाने तरीही डेटाबेसकडूनच कळतात आणि तेवढ्यासाठी रिटर्निंग उपयोगी पडते.