मन्सीचा गिअरबॉक्स: खरा फरक चौथ्या गिअरला

तर मंडळी, 1960 चं दशक, अमेरिका. इंडियानातल्या मन्सी गावी जनरल मोटर्स 1963 पासून चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स बनवायला लागली. एम20 म्हणजे वाइड रेशो, एम21 म्हणजे क्लोज रेशो. (पुढे आलेल्या एम22 चे रेशो एम21 चेच, फक्त दात कमी तिरके. आवाज इतका की लोक त्याला 'रॉक क्रशर' म्हणायचे.)

1966 नंतर एम20 चा पहिला गिअर 2.52, एम21 चा 2.20. पण इंजिन 6000 आरपीएमला नेऊन दुसरा टाका, दोन्हींत आरपीएम साधारण 4480 वरच येतो. सेम! मी कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासलं. फरक पडतो तिसऱ्यातून चौथ्यात जाताना: एम21 सुमारे 4700 वर उतरतो, एम20 थेट 4100 वर. ट्रॅकच्या शेवटच्या टप्प्यात हे 600 महागात पडतात.

रस्त्यावर मात्र गणित उलटतं. एम21 ला मागे 4.11 चा ॲक्सल लावला तर पहिल्यात एकूण रेशो 9.04. एम20 ला 3.55 चा लावला तरी 8.95, म्हणजे सुटताना जवळपास तेवढाच जोर. आणि चौथा दोन्हींत 1.00, त्यामुळे 66 सेंटिमीटरच्या टायरवर ताशी 100 किलोमीटरला एम21 वाला 3300 आरपीएमवर घोंगावत बसतो, एम20 वाला साधारण 2850 वर. रोज ऑफिसला जायचं असतं तर मी डोळे झाकून एम20 घेतला असता.

ही ओढाताण सुटली ती जादा गिअर आल्यावर. 1992 च्या डॉज वायपरमधल्या टी-56 ला सहा गिअर होते: पहिला 2.66, सहावा 0.50.