खवल्यांची परीक्षा

कोकण किनाऱ्यावरच्या अष्टागरातल्या बेने इस्राएली यहुद्यांच्या घरात माशांचं कालवण हमखास असतं, पण कोळंबी, चिंबोऱ्या, मुशी, शिंगाळा यांना तिथल्या चुलीवर जागा नाही. पापलेट चालतं, रावस चालतो. ज्याला खवले आणि पर आहेत तोच मासा खायचा, हा तोरा या धर्मग्रंथातला नियम.

आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून या किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली, अशी समाजाची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. त्यावरून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. किहीम, पेण, रोहे या गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले आणि घरात मराठी बोलू लागले. हिब्रू जवळजवळ विसरली गेली. मग डेव्हिड रहाबी नावाचा जाणकार आला. हे खरोखर यहुदी आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. ही दंतकथा असेलही, पण मला ती फार मोलाची वाटते. ग्रंथ हाताशी नसताना धर्म बायकांनी मासे निवडता निवडता सांभाळला, हे समाजाने स्वतःच मान्य केलं आहे.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. त्यामुळे मटणाच्या रश्शात दही घालता येत नाही आणि मटणानंतर दुधाची खीरही वाढता येत नाही. कोकणात ही अडचण नारळाने सोडवली. रश्शात नारळाचं दूध, गोडातही तेच. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, होणारा चिकाचा हलवा पाहा. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा. तो साखर घालून नारळाच्या दुधात शिजत ठेवायचा आणि गोळा भांड्याचा तळ सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग थाळीत थापून वड्या पाडायच्या.

मलिद्याची जडणघडणही अशीच. दर्ग्यांवर पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा वाटतात. इथे पोळीच्या जागी भिजवलेले पोहे आणि तुपाच्या जागी ओलं खोबरं. वर गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात हे ताट एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने मांडतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे.

शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, द्राक्षाची दारू लागते. कोकणात ती कुठली मिळायला? म्हणून मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करतात.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना इथल्या घरांत आजही मलिद्यासाठी पोहे भिजतात.