भुकेची आठवण आणि केडगावचे मुक्तिसदन

दुःखात देव आठवतो, असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयी बोलताना त्यात थोडा उपरोधही मिसळतो: अडला, आधार शोधला, धर्म बदलला आणि निवांत झाला. पंडिता रमाबाईंचे चरित्र आणि पुणे जिल्ह्यातील केडगावचा इतिहास या सोप्या हिशेबात बसत नाही. रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेतून बळ मिळाले, यात शंका नाही. पण ते सांत्वनाचे बळ फार थोडे होते. स्वतः भोगलेली भूक दुसऱ्याच्या कामी लावण्याचे बळ असेच त्याचे वर्णन करावे लागते.

घटनांचा क्रमच पाहावा. १८७० च्या दशकातील दुष्काळात तीर्थयात्रा करत हिंडणाऱ्या रमाबाईंच्या कुटुंबातील आई, वडील आणि बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ उरली ती तान्ही मनोरमा. अन्नान्न दशेच्या काळात त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. उलट व्रते, दाने आणि तीर्थे करूनही काही हाती लागले नाही, म्हणून जुनी श्रद्धा ढासळली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे, अन्नाची भ्रांत मिटल्यावर. मनाला वळण कशाने मिळाले, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि ही करुणा येते कुठून, असा प्रश्न त्यांना पडला. म्हणजे ही श्रद्धा त्यांच्यासमोर प्रथम आली तीच मुळी दुसऱ्यासाठी केलेल्या कामाच्या रूपात.

तिची कसोटी लागली चौदा वर्षांनी. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्यावर रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना आणि विधवांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता, सरकारी निर्बंध कडक होते. तेव्हा केडगावला आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर या सगळ्यांची सोय झाली आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय मनोरमाबाईंनी केली. उपाशी मुलीला आधी जेवण आणि मग हाताला काम, हा क्रम लहानपणी भूक सोसलेल्या बाईला कोणी शिकवावा लागला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, हे बळ परक्या सत्तेच्या आश्रयाचे होते. परदेशी देणग्या आल्या, हे खरेच. पण १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग रुग्णालयातील गैरव्यवहारावर जाहीर पत्र लिहून सरकारला अडचणीत आणणाऱ्या याच बाई होत्या. वाँटेजच्या ज्या भगिनींनी आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांनी धर्मतत्त्वांवर सडेतोड वाद घातला आणि शाकाहार शेवटपर्यंत सोडला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: हे सामर्थ्य श्रद्धेचे नसून वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई यांनी मुलीला दिलेल्या संस्कृत विद्येचे होते. विद्येने धाडस दिले, हे मान्य. १८७८ मध्ये कलकत्त्याने त्यांना पंडिता म्हटले ते विद्येमुळेच. परंतु १८९३ मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातील धर्मांतराच्या वादात रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ज्या समाजात विद्येला मान होता तो समाजच पाठमोरा झाला. त्यानंतर चार वर्षांत त्यांनी दुष्काळाकडे धाव घेतली, ती त्या मानाच्या जोरावर नक्कीच नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र पुरता खोडता येत नाही. जी मुलगी संस्थेच्या भाकरीवर जगते, तिने स्वीकारलेला धर्म कितपत तिच्या मर्जीचा? छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, गुजरातबरोबर खानदेशही होरपळला. अशा मुलखातील गरिबांच्या धर्मांतराविषयी हीच शंका आजही घेतली जाते, आणि ती घेण्यात गैर काही नाही. मुक्तिसदनातही अन्न आणि उपदेश एकाच छपराखाली होते. मात्र या शंकेने त्या मुलींच्या निवडीवर प्रश्नचिन्ह लागते. रमाबाईंच्या बळाचा उगम त्याने बदलत नाही. शिवाय ज्या भुकेल्या मुलीपुढे निवड नव्हती, तिला कसब शिकवून पुढे निवड करण्याजोगी ताकद देणे, हे त्या प्रश्नाचे अपुरे असले तरी प्रामाणिक उत्तर होते.

हे बळ दुःख टाळू शकले नाही. १९२१ मध्ये मनोरमाबाई, ज्यांच्या हाती संस्था सोपवायची होती, आईच्या आधी गेल्या. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतरात गुंतल्या होत्या. ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांच्या श्रद्धेचा पुरावा शोधायचा तर तो त्यांना किती शांती लाभली यात सापडणार नाही, कारण ते कोणालाच मोजता येत नाही. प्रत्येक घावानंतर हातातले काम चालू राहिले का, हे मात्र इतिहासाला तपासता येते, आणि केडगावपुरते त्याचे उत्तर होकारार्थी आहे.