मनमाडला उतरणारे

मुंबईत गावाचं नाव सांगितलं की हमखास ऐकू येतं, "हां, मनमाड! तिथे गाडी बराच वेळ थांबते." बोलणारा माणूस बहुतेकदा खिडकीतूनच मनमाड पाहिलेला असतो. पण एक काळ असा होता, की मराठवाड्यातून मुंबईला निघालेल्या बहुतेकांना इथे उतरावंच लागे.

मुंबई-भुसावळ ही मोठी लाइन. तिच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या मुलखातून हैदराबादची लाइन मनमाडला आली, ती मात्र मीटरगेज, म्हणजे जेमतेम सव्वातीन फूट. एकीचा डबा दुसरीवर चालणं शक्यच नव्हतं. माझे अण्णा हमाल होते. मालाची पोती, पेट्या या गाडीतून त्या गाडीत पाठीवरून जायच्या. माणसंही तशीच बदलायची. सिकंदराबादकडून अजंठा एक्सप्रेसने आलेली बिऱ्हाडं वळकट्या टाकून फलाटावर तासन्‌तास बसत. ओळखीपाळखीचे आमच्या घरी जेवून, रात्र काढून पुढे जात. मुंबईहून परतणारेही थांबत. मुंबईची खबर आम्हाला त्यांच्या तोंडून कळायची.

अण्णांचे वडील जीआयपी रेल्वेत गँगमन. मुंबईत कोण कुणाची जात विचारतं, असं ते ठामपणे सांगत. १२-१३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला जीआयपीच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब आले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं ते तिथेच म्हणाले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो, हे आजोबांना वेगळं सांगायला नकोच होतं. पण कापडगिरण्यांच्या साचेखात्यातही आपल्या लोकांना मज्जाव आहे, हे ऐकून ते गप्प झाले. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे विटाळ मानत. मुंबईबद्दलची त्यांची समजूत त्या मांडवात मोडली. तरीही पुढे लेक दिली ती परळलाच, गिरणीतल्याच मुलाला. हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. शहराचं खरं रूप कळूनही त्यांनी शहराकडे पाठ फिरवली नाही.

त्या आत्याकडे मी पहिल्यांदा गेले १९७३च्या मे महिन्यात. मागे दुष्काळाचं वर्ष. चाळीच्या नळाला पहाटे पाणी आलं, तशी मी उठून हंडा, कळशी, पातेली, शेवटी आमटीची वाटीसुद्धा भरून ठेवली. आत्या जागी झाली, ओळीने मांडलेली भांडी बघितली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "अगं बाय, उद्या परत येतं की!" रोज येणारं पाणी ही मला मुंबईची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटली, समुद्राहूनही मोठी. त्याच दिवाळीत आतेभाऊ आमच्याकडे आला आणि तांब्याभर पाण्याने चूळ भरून उरलेलं अंगणात ओतून मोकळा झाला. आई बोलली नाही. त्याने तिचं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर तो पाणी आणायला गेला, येताना दोन बादल्या धरून त्याच्या तळव्यांना वळ उठले होते.

१ नोव्हेंबर १९७५ला पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हापासून पास काढून रोज नाशिक-मुंबई करणारे आमच्यात निपजले. १९९०नंतरच्या दोन-चार वर्षांत औरंगाबादची लाइन मोठी झाली. मराठवाड्याच्या गाड्या थेट मुंबईला जाऊ लागल्या. गैरसोय संपली हे चांगलंच झालं. पण घरी रात्र काढणारे पाहुणे बंद झाले, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची घरं दिसेनाशी झाली, याची हळहळ मला अजून वाटते.

आतेभाऊ निवृत्त झाल्यावर एकदा तपोवन एक्सप्रेसने औरंगाबादला निघाला होता. मी भाकरी-ठेचा घेऊन फलाटावर गेले. गाडी थांबली तशी तो दारातच उभा. डबा हातात घेत त्याने कसं काय, बरं आहे का, काही विचारलं नाही.

"पाणी आलं का?"

"काल आलं. बाराव्या दिवशी."

"भरून ठेवलंस ना सगळं?" म्हणेपर्यंत गाडी हलली.