हिवरखेडचा कापूस, लिव्हरपूलचा भाव

सातपुड्याच्या पायथ्याचं हिवरखेड वऱ्हाडातल्या तेल्हारा तालुक्यात येतं. इथल्या काळ्या कसदार रानातल्या कापसाचं नशीब मात्र गेली दीडशेहून अधिक वर्षं सातासमुद्रापार ठरत आलं आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला, तो कापसासाठीच डोळ्यांत भरलेला मुलूख होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी मालावर तुटून पडल्या. वऱ्हाडात ज्वारीच्या रानात पराटी, म्हणजे कपाशी, उभी राहिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. पेरा मात्र हटला नाही, कारण पाठोपाठ रेल्वे आली; १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केलं.

देशी मागणीही वाढली. मुंबईच्या गिरण्या होत्याच, १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. युद्धाची टंचाई सरल्यावर आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस लँकेशायरला फारसा रुचला नाही. पुढे जपानी गिरण्यांनी तो आवडीनं घेतला.

भावाचं गणित जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करताना, दिसतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो, उरते ती बहुतांश सरकी. म्हणजे सरकीच्या तेलाला आणि ढेपेला उठाव असेल तरच शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं काढलं. गिरण्यांना माल स्वस्त हवा होता, हे खरं; पण निर्णय ऐन वेचणीच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजारात येण्याच्या तोंडावर आला, आणि ही वेळ शेतकऱ्यावर अन्याय करणारी होती.