देखणी छोटी गाडी घेताय? ती सांभाळायला किती लागतील, हे आधी बघा

चाकणच्या कंपनीत कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की घरात दोन विषय निघतात. एक लग्नाचा, दुसरा गाडीचा. लग्नाचं पुढं ढकलता येतं. गाडीचं मात्र त्याच रात्री मोबाईलवर सुरू होतं. बजेट ठरलेलं असतं, पण मन एखाद्या देखण्या छोट्या गाडीवर बसलेलं असतं. मग मित्र म्हणतो, "अरे, दिसते भारी, पण मेंटेनन्स मारून टाकेल." दुसरा म्हणतो, "माझ्या दाजींची आहे, आठ वर्षांत काही नाही."

दोघंही खरं बोलत असतात. असं कसं होतं, हे समजून घ्यायला पिंपरी-चिंचवडकरांना फार लांब जावं लागत नाही. गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत इथल्या आणि आसपासच्या कारखान्यांतून अशा चार छोट्या गाड्या बाहेर पडल्या, ज्यांच्या दिसण्यावर लोक फिदा होते. चौघींचं पुढं वेगवेगळं झालं.

पिंपरीची इंडिका : पहिल्या बॅचची घाई

टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. तिच्या डिझाईनसाठी इटलीतल्या ट्युरिनच्या 'आयडिया' या संस्थेची मदत घेतली होती. बुकिंग सुरू झालं आणि आठवड्याभरात लाखाहून जास्त ऑर्डर आल्या. पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही तितक्याच जोरात आल्या. कंपनीने ग्राहकांसाठी शिबिरं घेऊन भाग फुकट बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली 'इंडिका व्ही२' आणली. ही व्ही२ इतकी चालली की पुढं कित्येक वर्षं टॅक्सीवाल्यांची ती आवडती गाडी होती.

नाव तेच, कारखाना तोच, पण १९९९ ची इंडिका घेणारा आणि २००२ ची घेणारा यांचे अनुभव वेगळे. म्हणून पूर्णपणे नवीन मॉडेल आलं असेल, तर पहिल्या महिन्यातच रांगेत उभं राहायची गरज नसते. सहा-आठ महिने थांबलं तर सुरुवातीचे दोष समोर येतात आणि बऱ्याचदा दुरुस्तही होतात.

रांजणगावची पुंटो : इंजिन तेच, नशीब वेगळं

चाकणहून पूर्वेला, नगर रस्त्यावर रांजणगाव एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यातून २००९ मध्ये फियाटची ग्रँड पुंटो आली. तिच्या डिझाईनमागे प्रसिद्ध इटालियन डिझायनर जुजारो यांची संस्था होती. आजही रस्त्यात एखादी नीट ठेवलेली पुंटो दिसली तर मान वळते.

तिच्यात १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन होतं. हेच मूळ इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये 'डीडीआयएस' आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये 'क्वाड्राजेट' या नावानं होतं. इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक गमतीनं त्याला भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे.

पण स्विफ्ट डिझेल 'बिनधास्त घ्यावी अशी गाडी' ठरली आणि पुंटोच्या नावापुढं प्रश्नचिन्ह राहिलं. फरक बराचसा इंजिनाच्या बाहेर होता. स्विफ्टचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावी मिळायचं, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा आणि ती उघडून बसलेले मेकॅनिक जागोजागी होते. फियाटच्या गाड्या आधी टाटासोबतच्या शोरूममधून विकल्या जायच्या. २०१२ मध्ये दोघांनी विक्रीची वाट वेगळी केली आणि २०१९ च्या सुमारास फियाटच्या गाड्या भारतात बनणंच थांबलं.

एखादा भाग दोन दिवसांत मिळतो की गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहते, यावर मालकाचा भरवसा टिकतो किंवा उडतो. गाडी बंद असली तरी ईएमआय चालूच असतो.

तळेगावची बीट : कंपनीच निघून गेली तर?

जानेवारी २०१० मध्ये शेवरोले बीट आली. मोठे डोळ्यांसारखे दिवे, दाराच्या चौकटीत लपवलेलं मागचं हँडल. तरुणांना ती लगेच आवडली. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यात ती बनायची. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतातली विक्री बंद. २०२० च्या शेवटी तळेगावचं उत्पादनही थांबलं आणि पुढं तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

कंपनी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडत नाही. पण सेकंड हँड बाजारातली किंमत मात्र लगेच कोसळते. म्हणून गाडी निवडताना तिचा ब्रँड भारतात किती वर्षं आहे, आत्ता किती मॉडेलं विकतो आणि नवीन आणतोय का, हेही बघावं लागतं.

चाकणची पोलो : कोणती पोलो, हा खरा प्रश्न

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन मार्च २००९ मध्ये झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथं पोलो बनू लागली. एप्रिल २०२२ मध्ये 'लेजंड' आवृत्ती काढून कंपनीने तिचा निरोप घेतला. दार लावताना येणारा भरीव 'धप्प' आवाज आणि हायवेवरची पकड यासाठी आजही लोक जुनी पोलो शोधतात. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगवाल्या पोलोला ४ स्टार मिळाले. त्याच वेळी बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य स्टार होते. त्यामुळे अगदी जुनी गाडी घेताना एअरबॅग आहेत का, हे आधी बघा.

'पोलोचा मेंटेनन्स कसा आहे' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण बारा वर्षांत बॉनेटखाली बरंच बदललं :

* २०१३ ते २०२० मधली जीटी टीएसआय : १.२ लिटर टर्बो पेट्रोल, सोबत सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.
* २०२० नंतरची टीएसआय : १.० लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर.
* डिझेल : आधी १.२, नंतर १.५ टीडीआय.

सात गिअरच्या या डीएसजीत दोन क्लच असतात आणि ते कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले असतात. मोकळ्या रस्त्यावर गिअर लोण्यासारखे पडतात. पण नाशिक फाट्यापासून मोशी, चाकणपर्यंत किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे अर्धा तास रांगत जायचं, तर हे क्लच तापतात आणि झिजतात. त्यात बिघाड झाला तर खर्च मॅन्युअल गाडीच्या क्लच प्लेटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. टॉर्क कन्व्हर्टर रांगण्याचा हा ताण अधिक सहज सोसतो.

एक दिलासाही आहे. १.० टीएसआय इंजिन आजही चाकणलाच बनणाऱ्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया, कायलॅक या गाड्यांत बसतं. म्हणजे त्याचे भाग आणि ते ओळखणारे मेकॅनिक अजून बरीच वर्षं मिळतील. जुनी डिझेल पोलो बघत असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. डिसेंबर २०१५ मध्ये, पुण्याच्या एआरएआयने केलेल्या चाचण्यांनंतर, प्रदूषण सॉफ्टवेअरच्या प्रकरणात समूहाच्या सुमारे ३.२३ लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या यादीत ती गाडी होती का आणि काम झालंय का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन कळू शकतं.

देखणेपणाचा खर्च नेमका कुठं येतो?

टायर. टायरच्या कडेला १९५/५५ आर१६ असं काही लिहिलेलं असतं. मधला आकडा जितका लहान, तितकी टायरची कड बुटकी. मोठ्या अलॉय व्हीलवर अशी टायर छान दिसते, पण एमआयडीसीच्या खड्ड्यात कड फाटायची आणि अलॉय वाकायची शक्यता वाढते. टॉप मॉडेल घेण्याआधी टायरच्या दुकानात त्या मापाचा भाव विचारा आणि चारने गुणा.

बंपर, दिवे, आरसे. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या विम्यात प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे निम्मा खर्च तुमचा. काचेवर घसारा नसतो. 'झिरो डेप' घेतलं तर ही कपात टळते.

विमा. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर कर. गाडी देखणी असो की साधी, हा आकडा बदलत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मात्र मॉडेल आणि गाडीच्या विमा किमतीप्रमाणे बदलतो, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे कोटेशन काढा.

टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत साखळी असते, काहींत पट्टा. पुंटो-स्विफ्टच्या मल्टीजेटमध्ये साखळी होती, पोलोच्या १.५ डिझेलमध्ये पट्टा. पट्टा ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत आतले व्हॉल्व्ह वाकतात. जुनी गाडी घेताना तो कधी बदलला, याचं बिल मागा.

पाच वर्षांचा हिशेब असा मांडा

समजा दोन पर्याय आहेत. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे टाकून बघा.

पहिली, नवी साधी गाडी : किंमत ९ लाख, पाच वर्षांनी ५ लाखांना विकली. तोटा ४ लाख. सर्व्हिस-दुरुस्ती दीड लाख, विमा सव्वा लाख. एकूण ६.७५ लाख, म्हणजे महिन्याला ११,२५० रुपये.

दुसरी, जुनी देखणी गाडी : किंमत साडेचार लाख, पाच वर्षांनी दीड लाखाला विकली. तोटा ३ लाख. दुरुस्ती पावणेतीन लाख, विमा पाऊण लाख. एकूण ६.५ लाख, म्हणजे महिन्याला साधारण १०,८३० रुपये.

यात इंधन आणि कर्जाचं व्याज धरलेलं नाही. खरेदीची किंमत निम्मी, पण महिन्याचा खर्च जवळपास तेवढाच. शिवाय पहिल्या गाडीचा खर्च ठरलेल्या तारखेला येतो, दुसरीचा एखाद्या सोमवारी सकाळी अचानक ऐंशी हजार म्हणून येतो. ज्याच्याकडे तेवढी रक्कम बाजूला ठेवलेली आहे, त्याला जुनी देखणी गाडी परवडते. ज्याचा पगार दहा तारखेपर्यंत संपतो, त्याला ती स्वस्तात मिळाली तरी महाग पडते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. म्हणून जुन्या गाडीची किंमत आजच्या नव्या किमतीशी ताडून बघा, मालकाने तेव्हा काय मोजले त्याच्याशी नको.

टोकन देण्याआधी

* तुमच्या घरापासून आणि तुमच्या मूळ गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, ते बघा. दिवाळीला गाडी गावाकडेच जाणार आहे.
* हेडलाईट, पुढचा बंपर, क्लच सेट आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचे भाव आणि मिळायला लागणारे दिवस सर्व्हिस सेंटरला विचारा.
* जुनी गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू करून बघा. नंतर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवा.
* ओबीडी स्कॅनर असलेल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याला दिलेले हजार-दोन हजार वाया जात नाहीत.
* सर्व्हिस हिस्टरी किलोमीटरसकट मागा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. थकलेले चलान आधी तपासा.
* गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हिशेबात धरा.

देखणी गाडी घेण्यात चूक काहीच नाही. रोज सकाळी पार्किंगमध्ये तिच्याकडे बघून बरं वाटणं, हीसुद्धा पैसे देऊन घेतलेली गोष्ट आहे. फक्त त्या बरं वाटण्याला महिन्याला किती पडतात, तो आकडा सही करायच्या आधी कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. तो बघूनही घरचे हो म्हणाले, तर पेढे घेऊन या.